तोलामोलाचं स्थळ म्हणजे नक्की काय?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारे गृहस्थ नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत, राहायला इंदिरानगर. मुलगी २६ वर्षांची, फार्मसी झालेली, नोकरी करणारी. दोन स्थळं समोर आहेत. एक गंगापूर रोडचं: बंगला, दोन मोठ्या गाड्या, मुलगा वडिलांच्या बांधकाम व्यवसायात. दुसरं सिडकोतलं: मुलगा सातपूरच्या कंपनीत इंजिनिअर, वडील एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, सिडकोच्या योजनेतलं छोटं घर मागे-वर वाढवून तिघांपुरतं केलेलं. नातेवाईक एकजात बंगल्याच्या बाजूने. बंगल्याकडून निरोप आलाय, 'आम्हाला काही नको, फक्त लग्न तोलामोलाचं करून द्या.' त्यासाठी हे गृहस्थ १२ लाखांचं पर्सनल लोन काढायच्या विचारात आहेत. शेवटी त्यांनी लिहिलंय, 'पूर्वी लोक घराणं आणि संस्कार बघायचे, आता फक्त पैसा बघतात. माणूस ओळखायचा तरी कसा?'

मी लग्नं जुळवत नाही. नाशिकच्या एका सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली १९ कर्ज विभागात. समोर बसलेला माणूस पैसे परत करेल की नाही, हे ठरवण्याचा पगार घेत होते. लग्न जुळवणाऱ्याची चूक चार भिंतींच्या आत राहते, माझी चूक ३१ मार्चला थकबाकीच्या यादीत नावासकट छापून यायची. म्हणून या प्रश्नाबद्दल थोडं बोलायचा अधिकार आहे असं समजते.

'पूर्वी संस्कार बघायचे' हे तुमचं वाक्य मी अर्धंच मान्य करते. याच शहरात, काळाराम मंदिराच्या दारात, २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षं चालला. दार अडवून उभे राहिलेले लोक स्वतःला संस्कारीच म्हणवत होते. त्यांनी माणसाचं मोल त्याच्या जन्मावरून आधीच ठरवून टाकलं होतं. आणि घराण्याचं म्हणाल, तर माझ्या आजीच्या पिढीत 'चांगलं घराणं' याचा अर्थ पुष्कळदा 'बागायत किती एकर' एवढाच असायचा. आज बंगला बघतात, तेव्हा विहीर बघायचे. पैशाला मान होताच, फक्त तो डोळे मिटून दिला जायचा आणि त्याला कुलीन म्हणायचे.

मग परंपरेत घेण्यासारखं काहीच नाही का? आहे, आणि ते नेमकं माझ्या टेबलावर यायचं. तुकोबांनी धन जोडू नका असं म्हटलेलं नाही. 'उत्तम वेव्हारें' जोडा आणि 'उदास विचारें' खर्च करा, असं म्हटलंय. म्हणजे प्रश्न दोन: पैसा आला कसा आणि जातो कुठे. कर्जाच्या फाइलमध्ये आम्ही हेच दोन रकाने सगळ्यात आधी वाचायचो, उत्पन्नाचं साधन आणि कर्जाचा विनियोग. किती आहे हा तिसरा प्रश्न. तुमचे नातेवाईक तिसऱ्यापासून सुरू करून तिथेच थांबले आहेत. तुम्ही वैतागून तो प्रश्नच टाकून द्यायला निघालात. तोही टाकू नका, फक्त त्याला तिसऱ्या जागी बसवा.

मराठीत 'पत' या शब्दाला दोन अर्थ आहेत, बाजारातली आणि समाजातली. पतसंस्थेतली पत आणि 'त्याची पत गेली' यातली पत एकच. ज्यांनी हा शब्द रुळवला त्यांना दोन्ही गोष्टी वेगळ्या वाटत नव्हत्या. आपल्याकडे नोटा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून छापल्या जातात, पण पत काही तिथे छापत नाहीत. (हे वाक्य मी प्रशिक्षणात नव्या मुलांना ऐकवायचे. पहिल्या वर्षी हसले, नंतर कोणी हसेना.)

आता चकचकाटाचं सांगते, कारण या जिल्ह्याला त्याचा जितका फटका बसलाय तितका क्वचितच कुणाला बसला असेल. दिंडोरी, निफाड, चांदवड भागातल्या कोणत्याही द्राक्षवाल्याला विचारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये परप्रांतातला एखादा व्यापारी येतो. काळी मोठी गाडी, गळ्यात साखळी, दोन मोबाइल, सोबत एक स्थानिक दलाल. शेजाऱ्यापेक्षा किलोमागे चार-पाच रुपये जास्त भाव बोलतो. पहिल्या गाडीचे पैसे रोख, बांधावरच. दुसऱ्या गाडीचे निम्मे. तिसऱ्या-चौथ्याला चेक. मग एक दिवस दोन्ही मोबाइल बंद. माल पिकलेला असतो, वेलीवर थांबत नाही, म्हणून शेतकऱ्यालाही घाई असते आणि त्या घाईत तो गाडीकडे बघतो. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीमच उघडली होती, इतक्या तक्रारी होत्या. माझ्या कर्जदारांपैकी जे यात बुडाले ते मूर्ख नव्हते. हिशोबात माझ्यापेक्षा तेज होते. पण त्यांनी पहिल्या गाडीच्या रोख पैशाला स्वभावाचा पुरावा मानलं. तो जाहिरातीचा खर्च होता.

माझी सगळ्यात भरवशाची कसोटी मला याच बागांमध्ये मिळाली, आणि ती कोणत्याही परिपत्रकात नव्हती. आपल्याकडे द्राक्षाच्या छाटणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवणं), थिनिंगला (घडातले मणी विरळ करणं) पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. एकरावर उक्तं ठरतं. मी स्थळपाहणीला गेले की मालकाशी बोलून झाल्यावर बागेत शिरायचे आणि टोळीतल्या बायांना विचारायचे, 'मागच्या साली कुठे होता?' 'इथंच.' 'त्याच्या आधी?' 'इथंच की.' बस. माझं निम्मं काम झालं. टोळीला कुणी अॅग्रीमेंट करून देत नाही. बांधाबांधावर काम मिळतं, दोन रुपये जास्त देणारे दहा जण असतात. तरी तीच टोळी सहा-सात वर्षं त्याच बागेत येते याचा अर्थ हिशोब वेळेवर होतो, उचल दिल्यावर व्याज लावलं जात नाही, बाईमाणसाशी कुणी वावगं वागत नाही आणि पोर आजारी पडलं तर मालकाची गाडी निघते. एवढं सगळं मला कुठल्या कागदावर मिळालं असतं? उलट एका बागाईतदाराकडे दरवर्षी नवी टोळी. घरासमोर संगमरवर, पोर्चमध्ये झुंबर. त्याचं प्रकरण मी 'मंजुरीस योग्य नाही' असा शेरा मारून वर पाठवलं, वरून मंजूर होऊन आलं, आणि तिसऱ्या वर्षी थकलं. मला आनंद झाला असं म्हणणार नाही. पण थोडासा झाला.

शहरात टोळी नसते, पण तिच्या जागी दुसरं कुणीतरी असतंच. कोपऱ्यावरचा किराणावाला, पेपर टाकणारा, साइटवरचा मुकादम, पंधरा वर्षं पोळ्या करायला येणारी मावशी. बंगल्याच्या घरी जाल तेव्हा सोफ्याकडे कमी बघा. त्या घरात पगारावर काम करणारं सगळ्यात जुनं माणूस कोण आणि किती वर्षांपासून, एवढं कळून घ्या. बांधकामाचा धंदा म्हणजे सेंट्रिंगवाला, प्लंबर, सुतार, वाळूवाला आलेच. हे लोक बिलं थकली की गप्प बसत नाहीत, चहाच्या टपरीवर बोलतात. तुम्ही अंबडला नोकरी करता, तुमच्या ओळखीत एखादा फॅब्रिकेशनवाला असणारच.

लोक हल्ली म्हणतात, सिबिल बघा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून माणसाला मिळणारा आकडा. २०२५ च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरची बातमी गाजली, मुलाचा सिबिल खराब निघाला म्हणून सोयरीक मोडली. मला फोनावर फोन आले, 'मॅडम, मुलाचा सिबिल काढून द्याल का?' नाही देता येत. सोयरिकीसाठी तो ज्याचा आहे त्यालाच काढता येतो, आणि वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मागायचाच असेल तर समोरासमोर मागा आणि तुमच्या मुलीचाही पुढे ठेवा. पण त्या ३०० ते ९०० च्या आकड्यात काय दिसतं हे समजून घ्या. हप्ते वेळेवर गेले का, एवढंच मुख्यतः दिसतं. मित्राकडून हातउसने घेतलेले दिसत नाहीत, भिशी बुडवलेली दिसत नाही, सावकाराचं देणं दिसत नाही, बहिणीच्या वाटणीची जमीन हक्कसोड पत्रावर सही घेऊन हडपलेली तर मुळीच दिसत नाही. ८०० च्या वरचा सिबिल असलेला एक डॉक्टर माझ्या समोर बसून बायकोला म्हणाला होता, 'तुला काय कळतंय, सही कर.' ती सहकर्जदार होती, म्हणजे सगळ्या देण्याला त्याच्याइतकीच बांधलेली. मी त्या दिवशी सही घेतली नाही, 'स्टॅम्प पेपर संपलाय' असं खोटं सांगितलं आणि तिला दुसऱ्या दिवशी एकटीला बोलावून कागद समजावून दिला. तिने सही केली, तो तिचा निर्णय. कर्जही व्यवस्थित फिटलं. बँकेच्या दृष्टीने उत्तम ग्राहक. माझ्या मुलीसाठी मी त्या घराची पायरी चढले नसते.

पण मी साधेपणाची आरती करायला बसलेली नाही. तुमच्या पत्रातून असा सूर लागतोय की सिडकोवाले गरीब, म्हणून सज्जन. गरिबी हे चारित्र्याचं सर्टिफिकेट नाही. आणि सज्जनपणा असला तरी तेवढ्याने संसार होत नाही. एक शिक्षक होते आमचे खातेदार. निर्व्यसनी, सकाळी रामकुंडावर जाऊन मग शाळेत जाणारे, कुणाचा एक रुपया न बुडवलेले. त्यांना 'नाही' म्हणता येत नसे. मेहुण्याला जामीन, सहकाऱ्याला जामीन, शेजाऱ्याच्या मुलाच्या रिक्षाला जामीन, असे चार ठिकाणी सह्या. चारपैकी तीन थकले. कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक आधी कुणाला धरायचं ते स्वतः ठरवते, आणि पगारदार माणूस धरायला सगळ्यात सोपा. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला, पगारातून कपात सुरू झाली, आणि बारावी झालेल्या मुलीचं इंजिनिअरिंग राहिलं. वसुलीची नोटीस घेऊन मीच गेले होते. त्यांनी मला पाणी दिलं, गूळ दिला. त्यांची बायको आतून बाहेर आली नाही. तिच्या बाजूने विचार केला तर त्या चांगुलपणाचा हप्ता तीच भरत होती. म्हणून सिडकोच्या घरीही विचारा: तुम्ही कुणाला जामीन आहात का, मुलाच्या नावावर मोबाइल-अॅपवरची छोटी कर्जं आहेत का, हातात पगार किती येतो. खरा आकडा न लाजता सांगणारा मुलगा मला पॅकेज फुगवून सांगणाऱ्यापेक्षा परवडतो, मग आकडा कितीही असो.

मीही चुकलेय, आणि पैसा बघूनच चुकलेय. १९९९ च्या पावसाळ्यात पंचवटीतून एक बाई आल्या होत्या. शेवयांचं मशीन घ्यायचं होतं, २५ हजार हवे होते. कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, ते अर्धे भिजलेले. साडीचा काठ चिखलाने भरलेला, आणि तो खुर्चीला लागू नये म्हणून त्या उभ्याच राहिल्या. मी बसा म्हटलं नाही. पाच मिनिटांत 'तारण अपुरे, जामीनदार नाहीत' असा शेरा लिहिला. शेरा नियमात बसत होता. पण त्याच आठवड्यात त्याच रकमेचं एक प्रकरण मी जामीनदार मागाहून आणण्याच्या बोलीवर पुढे सरकवलं होतं, कारण आणणारा माणूस ओळखीच्या नगरसेवकाबरोबर आला होता आणि त्याला मी चहा पाजला होता. दोन्ही फाइल आठवड्याच्या शेवटी एकाच ट्रेमध्ये पडल्या होत्या, तेव्हा मला दिसलं. बाईंना शोधून परत बोलवावं असं दोन दिवस वाटत राहिलं, मग मार्चसारखीच एक धामधूम आली आणि राहून गेलं. त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. म्हणून पैसा बघणाऱ्या नातेवाइकांना मी फार वाईट म्हणत नाही. नजर तिकडे जातेच, तिला हाताने धरून परत आणावं लागतं.

बांधकामवाल्या घराबद्दल काही गोष्टी घरबसल्या, कुणालाही न दुखावता बघता येतात. २०१७ पासून बांधकाम प्रकल्प महारेराकडे, म्हणजे त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदवावे लागतात. महारेराच्या साइटवर त्यांच्या फर्मचं नाव टाका. ताबा कधीचा कबूल केला होता, मुदत वाढवून घेतली का, तक्रारी किती, सगळं दिसतं. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच कामाला वापरायची असते. जो या खात्याशी प्रामाणिक असतो, त्याचं काम सहसा फारसं रखडत नाही. ई-कोर्टच्या साइटवर नावाने शोधता येतं, तिथे १३८ च्या म्हणजे चेक न वटल्याच्या केसेस किती हे बघा. बांधकामात एखाद-दुसरी केस असतेच, तिला घाबरू नका, डझनभर असल्या तर घाबरा. बंगल्याची मिळकत पत्रिका किंवा फार्महाऊसचा सातबारा काढा. इतर हक्कात कुणाचा बोजा आहे ते लिहिलेलं असतं, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. बोजा असणं हा गुन्हा नाही, कर्जाशिवाय धंदा होत नाही. पण 'सगळं आपलं स्वतःचं आहे' असं ते बैठकीत म्हणाले असतील आणि सातबारा वेगळं सांगत असेल, तर अडचण कर्जाची नसते, बोलण्याची असते. निवृत्त झाल्यावरही मी रोज सकाळी पेपरातल्या ताबा नोटिसांचं, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी बँकांनी ताब्यात घेतलेल्या मिळकतींचं, पान आधी वाचते. ज्या घरांच्या वास्तुशांतीला आम्ही जेवून आलो, त्यातली काही नावं तिथे भेटलीत.

हे सगळं करून गंगापूर रोडचं घर चोख निघालं, तर खुशाल तिथे द्या. कष्टाने उभा राहिलेला बिल्डरही असतो, माझ्याच कर्जदारांत होते. कामगारांचा पगार झाल्याशिवाय शनिवारी घरी न जाणारे. बंगल्याकडे संशयाने बघणं हीसुद्धा पैशावरूनच माणूस तोलण्याची एक तऱ्हा आहे. आणि मुलीला विचारा. तुमच्या एवढ्या लांब पत्रात तिचं मत एका ओळीतही आलेलं नाही.

आता तुमच्या १२ लाखांकडे येते, कारण माझी नजर पत्र वाचताना सारखी तिकडेच जात होती. १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंत तर महिन्याला साधारण २६ हजार ७०० रुपयांचा हप्ता बसेल, एकूण परतफेड १६ लाखांच्या घरात. तुमची नोकरी अजून किती वर्षं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. मुलगी सासरी जाऊन तिचं पोर बालवाडीत जाईपर्यंत तुम्ही लॉन्सच्या एका संध्याकाळचे हप्ते भरत राहाल. लोक पैशावरून माणूस तोलतात अशी तुमची तक्रार आहे, आणि त्याच तराजूत आपलं पारडं जड दिसावं म्हणून तुम्ही कर्ज काढताय. हे टोचेल, पण कर्ज विभागात असते तर विनियोगाच्या रकान्यात मी 'अनुत्पादक' लिहिलं असतं. 'आम्हाला काही नको, फक्त तोलामोलाचं करा' यातला 'फक्त' हा शब्द कायद्याने हुंड्यात धरला जातो की नाही हे वकील सांगतील. व्यवहारात तो सगळ्यात महाग शब्द आहे.

तर असं करा. कर्जाचा अर्ज अजून भरू नका. येत्या रविवारी गंगापूर रोडला फोन करा आणि संध्याकाळी सिडकोला करा. दोन्हीकडे अगदी तेच शब्द वापरा: 'आम्ही कर्ज काढणार नाही. दीडशे माणसांत, सकाळच्या मुहूर्तावर, साध्या कार्यालयात लग्न करू. जमेल का?' मग गप्प बसा, समजावू नका, माफी मागू नका. पलीकडून येणारं पहिलं वाक्य एका कागदावर जसंच्या तसं लिहून ठेवा, आणि ते वाचायला आधी मुलीच्या हातात द्या.